जर्मनीच्या बालवाडीत एक सत्र : निघण्याआधीच्या दहा महिन्यांची तयारी

पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत रंगीत चित्रकार्डं, बडबडगीतांचे चार तक्ते आणि आठवड्याचं लेखी नियोजन होतं. त्यातलं एकही बाहेर निघालं नाही. सकाळी चार वर्षांच्या एका मुलीनं रबरी बूट माझ्यापुढे केला आणि म्हणाली, ‘हेब माल.’ पुण्यात शिकलेल्या जर्मनप्रमाणे ‘हेबन’ म्हणजे उचलणं. मी बूट उचलून खांद्याइतका वर नेला. ती माझ्याकडे बघतच राहिली. श्वाबेन भागात ‘हेबन’ म्हणजे धरणं. मी बूट नीट धरला की ती पाय आत घालणार होती, बास.

बी.एड., मानव विकास, मानसशास्त्र किंवा पूर्वप्राथमिक शिक्षण शिकत असाल आणि विद्यापीठाच्या अदलाबदल योजनेतून एक सत्र जर्मनीत जाऊन तिथल्या किंडरगार्टनमध्ये प्रशिक्षण घ्यायचं असेल, तर काय आणि कोणत्या क्रमानं करायचं ते इथे सांगते. मी गेले होते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तिथे ‘शिकवायला’ चाललो आहोत या समजुतीनं जी तयारी केली जाते, तिचा निम्मा भाग फुकट जातो.

आधी कागदावर नक्की करा : तुम्ही नेमके कोण म्हणून जाताय?

लहान मुलांसोबत काम करायला जर्मनीत जाण्याचे तीन-चार रस्ते आहेत. एखाद्या घरी ‘ओ पेअर’ म्हणून, म्हणजे राहण्या-जेवणाच्या बदल्यात त्यांची मुलं सांभाळत राहणं, वर्षभराची स्वयंसेवा करणं, पूर्ण पदवी तिथे घेणं, आणि आपल्या कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार असेल तर एका सत्रासाठी विद्यार्थी म्हणून जाणं. प्रत्येकाचा व्हिसा वेगळा आणि नियमही वेगळे. दलाल हे सगळं एकाच पातेल्यात ढवळून सांगतात, म्हणून जपून.

अदलाबदलीत फी आपल्याच कॉलेजात भरायची असते. हे लहानसं वाक्य बरेच पैसे वाचवतं. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, पण कराराखाली आलेल्या विद्यार्थ्यांना ते माफ असतं. तुम्हाला फक्त सत्राची किरकोळ वर्गणी भरावी लागते. याच राज्यात शिक्षणशास्त्राला वाहिलेली सहा स्वतंत्र विद्यापीठं आहेत. त्यांना ‘पेडागोगिशे होखशूले’ म्हणतात आणि ती फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग, कार्ल्सरूह, लुडविग्सबुर्ग, श्वेबिश ग्म्युंड आणि वाइनगार्टन इथे आहेत. बालशिक्षण हा विषय तिथे चांगला मिळतो. तुमच्या कॉलेजचा करार भलत्याच विद्यापीठाशी असेल आणि तिथे हा विभागच नसेल, तर किंडरगार्टनचं प्रशिक्षण तुम्हाला बाहेर स्वतः शोधावं लागेल. अर्ज करण्याआधी हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट लेखी मागा : प्रशिक्षण हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे, असं पत्र. सक्तीच्या प्रशिक्षणाला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीच्या दिवसांची जी मर्यादा असते, तिच्यातही ते धरलं जात नाही. हे पत्र व्हिसाला उपयोगी पडतं, बालवाडीच्या संचालिकेला उपयोगी पडतं आणि परत आल्यावर श्रेयांकांसाठी आपल्याच कॉलेजच्या ऑफिसशी हुज्जत घालताना तर सगळ्यात जास्त.

दहा महिने कसे वापरायचे

जर्मनीचं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. तासिका मध्य ऑक्टोबर ते मध्य फेब्रुवारी. त्यानंतरचे सहा-सात आठवडे तासिका नसतात आणि सलग प्रशिक्षण बहुतेक वेळा तेव्हाच होतं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जायचं तर आदल्या डिसेंबरात कामाला लागा. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजात नाव द्या आणि भाषेची परीक्षा ठरवा. वसंतात तिथल्या विद्यापीठाकडे अर्ज जातो. प्रवेशपत्र येईपर्यंत स्वस्थ बसू नका. लसीचं कार्ड, पासपोर्ट आणि बालवाडीचा शोध ही कामं प्रवेशपत्राशिवायही होतात. मी पासपोर्ट बाहेर काढला तेव्हा त्याची मुदत संपायला सातच महिने उरले होते. नूतनीकरणात तीन आठवडे गेले, नेमके तेच तीन आठवडे व्हिसाची वेळ घ्यायला हवे होते.

तीन कागद, ज्यांच्याशिवाय बालवाडीचं दार उघडत नाही

व्हिसाबद्दल सगळे बोलतात. या तीन कागदांबद्दल मला कोणीच बोललं नव्हतं.

पहिला गोवराचा. १ मार्च २०२० पासून जर्मनीत कायदा आहे : १९७० नंतर जन्मलेल्या ज्या कोणाला बालवाडीत काम करायचंय, त्यानं गोवराच्या दोन डोसांचा किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यायचा. प्रशिक्षणार्थीही त्यात आले. पुरावा नसेल तर संचालिका तुम्हाला आत घेऊच शकत नाही, तिची कितीही इच्छा असो. आता आपल्या पिढीची गंमत बघा. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात गोवराचा दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांच्या कार्डावर नऊ महिन्यांची एकच नोंद असते. खाजगी डॉक्टरांनी पुढे एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस, दिलेली असली तर दुसरी सापडते. आईकडची ती पिवळी पडलेली फाईल आत्ताच काढा. कार्ड हरवलं असेल किंवा एकच डोस असेल तर डॉक्टरांना विचारून एमएमआर घ्या. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. नाहीतर रक्ताची आयजीजी तपासणी करून प्रतिकारशक्ती असल्याचा दाखला घ्या. दाखल्यावर लसीचं नाव, तारीख, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक इंग्रजीत हवा. ‘लस दिली आहे’ एवढ्या चिठ्ठीवर भागत नाही.

दुसरा कागद चारित्र्याचा. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला तिथे ‘एरवाइटर्टेस फ्यूरुंग्सत्सॉइग्निस’ नावाचा विस्तृत दाखला द्यावा लागतो. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद नाही, हे तो सांगतो. तो जर्मनीत पत्ता नोंदवल्यावर तिथल्या नागरी कार्यालयात मागायचा, सोबत बालवाडीचं मागणीपत्र घेऊन. पोस्टानं यायला दोन-तीन आठवडे धरा. पण जर्मनीत तुम्ही कालच आलेल्या असता, म्हणून तो दाखला तुमच्या आधीच्या आयुष्याबद्दल काही सांगू शकत नाही. हे संचालिकेलाही कळतं. म्हणून निघण्याआधी पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा. आपल्याकडे पोलीस पडताळणीचा शब्द निघाला की घरच्यांना वाटतं, पोरीनं काय केलं! माझ्या आजोबांना हे समजावायला कॉन्स्टेबलला समजावण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तिसरा कागद सोपा. मुलांचं जेवण वाढायचं किंवा त्यांच्यासोबत स्वयंपाक करायचा असेल तर तिथल्या आरोग्य कार्यालयाकडून संसर्गाविषयीची समज घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र मिळतं. जुलाब-उलट्या होत असताना स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, वगैरे. हे तिथे गेल्यावरच होतं, पण विषय आधी जर्मनमध्ये वाचून जा. शब्द अवघड आहेत.

व्हिसा आणि पैसे

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, शुल्क ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात. शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. तुमच्या अदलाबदल योजनेला सूट आहे का, हे यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेलनं विचारा आणि उत्तर छापून ठेवा.

खर्चाची सोय दाखवायला ‘श्पेर्रकोंटो’ म्हणजे गोठवलेलं खातं उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यातली रक्कम महिन्याला ९९२ युरो अशी धरली जाते, वर्षाचे ११,९०४. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यानं ५,९५२ धरावेत. युरोपीय किंवा जर्मन शिष्यवृत्ती असेल तर त्या पत्रानं ही रक्कम कमी होते. आकडे बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावरचा ताजा आकडा बघा, कोणाच्या व्हॉट्सॲपवरचा नको.

नागरी दायित्वाचा विमा घ्या, ‘हाफ्टफ्लिश्ट’ म्हणतात त्याला. महिन्याला थोडेच पैसे लागतात. बालवाडीची किल्ली तुमच्याकडे दिली आणि ती हरवली, तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचं बिल येऊ शकतं.

बालवाडी शोधणं

कॉलेजनं जागा मिळवून दिली तर प्रश्नच नाही. नाहीतर स्वतः पत्रं पाठवायची. तिथे बालवाडीला सगळे ‘किटा’ म्हणतात. काही नगरपालिकेच्या असतात, काही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चच्या, काही पालकांनी मिळून चालवलेल्या. तीन वर्षांखालच्या मुलांचा गट म्हणजे ‘क्रिपे’, तीन ते सहा म्हणजे किंडरगार्टन. भाषा अजून कच्ची असेल तर क्रिपे सोपं, असं वाटतं, पण ते खरं नाही. दोन वर्षांच्या मुलाचं अर्धवट जर्मन कळायला पाच वर्षांच्या मुलाच्या जर्मनपेक्षा कान जास्त तयार लागतो. शिवाय लंगोट बदलणं, झोपवणं ही जवळीकीची कामं नव्या माणसाला लगेच देत नाहीत, देऊही नयेत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तीन ते सहाचा गट मागावा.

ईमेल लहान ठेवा : कोण, कुठून, कोणत्या तारखा, किती तास, भाषा कुठपर्यंत, गोवराचा पुरावा आणि पोलीस दाखला तयार आहे. या शेवटच्या ओळीमुळेच मला उत्तरं आली, असं माझं मत आहे. त्याआधीच्या अकरा ईमेलांत मी बालशिक्षणावरची माझी तळमळ लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही.

होकार आला की ते आधी एक दिवस बसून बघायला बोलावतील. त्याला ‘होस्पिटात्सिओन’ म्हणतात, हॉस्पिटलशी संबंध नाही. मग ‘श्टेकब्रीफ’ मागतील, म्हणजे तुमचा फोटो आणि चार ओळींची ओळख. ती दारात लावतात, पालकांना कळावं म्हणून. त्यात पदव्या लिहू नका. आवडता प्राणी लिहा. मी म्हैस लिहिली. पुढचे दोन आठवडे मुलं मला म्हशीबद्दलच विचारत होती, आणि माझं जर्मन त्यावरच सुधारलं.

भाषा : गुडघ्याच्या उंचीवरची

युरोपीय भाषा-पातळ्यांतली (ए-वन ते सी-टू) बी-वन ही किमान पातळी समजा, बी-टू असेल तर उत्तम. परीक्षेसाठी पुण्यात-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटची परंपरा आहे. पण परीक्षेत हवामानबदलावर निबंध लिहिता आला तरी ‘नाक पुसू का?’ हे तुम्हाला म्हणता येईलच असं नाही. एक वही करा आणि बालवाडीच्या दिवसाप्रमाणे वाक्यं लिहा : जोडे काढताना, वाळूत, भांडणात, जेवताना, शी-शूच्या वेळी, रडताना.

काही वाक्यं तर झोपेतही यायला हवीत. ‘दार्फ इश मिटश्पीलन?’ म्हणजे मी खेळू का तुमच्यात? ‘त्साइग माल’, दाखव बघू. ‘हास्ट डू डिर वेगेटान?’, लागलं का तुला? ‘मुस्ट डू आउफ्स क्लो?’, शूला जायचंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘इश होले हिल्फे’, मी मदत आणते. मुलं ताईला नावानं आणि ‘डू’ म्हणजे अगं-अरे करूनच बोलतात, त्यात अपमान नाही. पालकांशी मात्र ‘झी’, आपलं अहो-जाहो.

बोलीचा घोळ वेगळा. श्वाबेनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल नव्हे, अख्खा पाय. मूल ‘फूस दुखतोय’ म्हणालं तर मांडीही बघा. ‘टेपिश’ म्हणजे गालिचा, पण तिथे पांघरुणालाही तेच. मधल्या खाण्याला ‘फेस्पर’ आणि जामला ‘ग्झेल्त्स’. साताऱ्याच्या मुलाला ‘पोरा’ म्हणायचं की ‘बाळा’, हे जसं पुस्तकात नसतं तसंच हेही.

सराव इथेच करा, अंगणवाडीत

जाण्याआधी निदान चाळीस तास आपल्या गावच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत काढा. सेविकाताईंची रीतसर परवानगी घेऊन कोपऱ्यात बसा, मदत करा आणि रोज एका मुलाचं दहा मिनिटांचं निरीक्षण लिहा. काय केलं, काय बोललं, एवढंच लिहायचं. ‘हुशार आहे’, ‘हट्टी आहे’ असले शब्द नकोत. तिथल्या प्रशिक्षणात नेमकं हेच मागतात. बाडेन-व्युर्टेमबर्गच्या बालशिक्षण आराखड्यात शरीर, इंद्रियं, भाषा, विचार, भावना व सहवेदना आणि जीवनाचा अर्थ-मूल्यं-धर्म अशी सहा क्षेत्रं आहेत. एक निरीक्षण घेऊन त्यातलं काय काय त्यात दिसतं ते शोधा, उत्तम सराव होतो.

इथे थोडं विषयांतर. फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं १८३७ मध्ये थुरिंगियातल्या बाड ब्लांकेनबुर्गला काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, मुलांची बाग, हे नाव दिलं. पुढे १८५१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यानं किंडरगार्टनवर बंदीच घातली आणि ती नऊ वर्षं टिकली! आपला ‘बालवाडी’ शब्द बघा, वाडी म्हणजे बागच. आणि डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, कुरणशाळा. जर्मनीत मुलांनी दिवसभर रानात असावं म्हणून चालवलेल्या जंगल-बालवाड्या बघताना मला कोसबाडच आठवलं. कारण वेगळं, तिथे गुरं नाहीत, पण मूल जिथे आहे तिथे जायचं हा विचार तोच. तिथल्या ताईंना हे सांगितलं तर त्या खुर्ची ओढून बसतात. कोसबाडबद्दल दहा मिनिटं जर्मनमध्ये बोलता येईल एवढं तयार करून जा. ताजमहालापेक्षा हे उपयोगी पडतं.

पिशवीत काय

आजीची जुनी सुती साडी. गंमत नाही. नऊ वार कापडाची मुलांनी नदी केली, तंबू केला, बाजाराचा मांडव केला आणि बाहुलीची झोळी केली. लाकडी भोवरा न्या. चिंचोके-सागरगोटे नेऊ नका, बिया नेण्यावर निर्बंध आहेत आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकू शकतात. पेढे, खवा, तूप हेही नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रांगोळीची पांढरी पूड पुडीत बांधून विमानतळावर नेण्याची हौस असेल तर तुमची मर्जी. तिथे अंगणात खडूनं काढलेली रांगोळी मुलांना जास्त आवडते, कारण तीही काढू शकतात.

पावसाळी पँट, गमबूट आणि आतले बूट तिथे जाऊन जुन्या बाजारात घ्या. पाऊस असो, थंडी असो, मुलं बाहेर जातात आणि तुम्हीही जाता.

पहिले दोन आठवडे

आल्या आल्या दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. चारित्र्याचा दाखला त्यानंतरच मागता येतो, म्हणून हे पहिलं काम.

बालवाडीत सुरुवातीला हात पाठीमागे ठेवायला शिका. गाल ओढू नका, पापा घेऊ नका, मूल स्वतः मांडीवर आलं तर येऊ द्या. झाडावर किंवा चढणीवर मुलाला उचलून ठेवू नका. जे स्वतः चढलं ते स्वतः उतरूही शकतं, हा तिथला व्यवहारी नियम. मला हे सगळ्यात अवघड गेलं. झिप लावताना धडपडणारं मूल दिसलं की आपले हात आपोआप पुढे जातात. ताईनं मला हळूच थांबवलं आणि तीन मिनिटांनी त्यानं स्वतः झिप लावली. मी मोजली होती मिनिटं, दुसरं करणार काय?

फोन कपाटात. मुलांचे फोटो अजिबात नाहीत, आईला पाठवायला एकसुद्धा नाही. न्यायला आलेल्या माणसाच्या हातात मूल तुम्ही द्यायचं नाही, तो कितीही ओळखीचा वाटो. ते काम गटाच्या ताईंचं. जेवणाआधी सगळे हात धरून एक ओळ म्हणतात. चर्चच्या बालवाडीत ती प्रार्थना असते. म्हणायची नसेल तर शांत बसा, कोणी काही म्हणत नाही.

दिवाळीचा विषय तुम्ही काढलाच तर जेवण नेऊ नका. शेंगदाणे आणि तीळ यांची ॲलर्जी मोठा प्रश्न आहे. त्याऐवजी आकाशकंदील करा. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी तिथली मुलं कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणूक काढतात आणि त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू असते. आपला कंदील त्यात आपोआप बसतो. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा.

दर आठवड्याला मार्गदर्शक ताईंसोबत अर्धा तास बसायची वेळ पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि प्रश्न लिहून न्या. न मागितल्यास ती वेळ हमखास वाहून जाते.

निघताना

शेवटच्या आठवड्यात तासांची नोंद, वयोगट आणि कामाचं वर्णन असलेलं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह हातात घ्या. नंतर ईमेलनं पाठवतो म्हणाले तरी थांबा, कारण आपल्या कॉलेजला शिक्काच हवा असतो. मग नागरी कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद रद्द करा, त्या कागदाची प्रत ठेवा, आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीच्या कार्यालयाला ती पाठवा. नाहीतर महिन्याला १८.३६ युरोची मागणीपत्रं तुमच्या जुन्या खोलीत येत राहतात आणि तिथे राहणारी पुढची मुलगी त्यांचे फोटो काढून तुम्हाला पाठवत राहते.